पदराला लावायचा माईक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्नर तालुक्यातल्या गावांमध्ये फिरून मी वयस्कर बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आणि त्यांच्या हातचे जुने पदार्थ व्हिडिओत साठवते. कॅमेरा म्हणजे माझा फोन. वायरलेस कॉलर माईकचा संच गेल्या जुलैत घेतला, त्याला आता आठ महिने झाले. दोन ट्रान्समीटर (म्हणजे कपड्याला लावायचे, आवाज बिनतारी पाठवणारे माईक), तो आवाज पकडणारा, फोनच्या खाली खोचायचा एक रिसीव्हर आणि चार्जिंगची डबी, सगळं मिळून पाच हजारांच्या आत. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला आलेल्या अडचणी या किमतीतल्या बहुतेक संचांत येऊ शकतात.

आधी माझ्याकडे वायरवाला कॉलर माईक होता. आवाजाबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती, आजही एका जागी बसून बोलणाऱ्या माणसासाठी मी तोच घ्या म्हणेन. पण जात्यावर बसलेली आजी दळण घ्यायला उठते, चुलीकडे जाते, दारात आलेली कोंबडी हाकलते. वायर तिच्या पायात यायची, मग ती घाबरून जागची हलेनाशी व्हायची, आणि हलायची थांबली की गायचीही थांबायची. नुसत्या फोनच्या माईकवरही करून पाहिलं. बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज साधारण 6 डेसिबलनं खाली येतो. दोन मीटरवरून फोनला आजीपेक्षा शेजारच्या घरातला टीव्ही जास्त ऐकू येत होता.

घेताना मी बाकी सगळ्याच्या आधी वजन पाहिलं, आणि तो निर्णय बरोबर ठरला. 2019 मध्ये रोड (Rode) कंपनीचा ‘वायरलेस गो’ हा संच आला तेव्हापासून माईक आणि ट्रान्समीटर एकाच चौकोनी डबीत बसवायची पद्धत रुळली. त्या डब्या तीस ग्रॅमच्या आसपास असतात. शर्टाच्या कॉलरला तेवढं वजन काहीच नाही, पण धुऊन धुऊन विरलेल्या सुती पदराला ते ओढतं, पदर खांद्यावरून घसरतो आणि आजीचा हात सारखा तिकडे जातो. आता डीजेआय कंपनीचा ‘माईक मिनी’ 10 ग्रॅमचा आहे, हॉलीलँड कंपनीचा ‘लार्क एम2’ 9 ग्रॅमचा. माझा संचही याच वजनाचा, बटणाएवढा. पहिल्याच दिवशी एका आजींनी विचारलं, "ह्ये बटन कशाचं गं?" सांगितल्यावर "लाव मग" म्हणाल्या आणि दहा मिनिटांत विसरून गेल्या. ते विसरणंच मला हवं होतं.

पण लावायचं कुठे, हे शिकायला तीन महिने गेले. माहितीपत्रकातला माणूस नेहमी शर्ट किंवा टी-शर्टात असतो. नऊवारीत छातीवर माईक लावला की त्यावर पदर घासतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मंगळसूत्राचे मणी आपटतात. दळताना शरीर पुढेमागे झुलतं, दर फेऱ्याला टक्, टक्. हा आवाज नंतर काढता येत नाही, कारण तो शब्दांच्या मधोमध बसलेला असतो. मंगळसूत्र बाजूला करा असं मी कुणाला सांगणार नाही. खुंटा फिरवणाऱ्या हाताच्या बाजूला लावला तर बांगड्या. शेवटी जागा सापडली ती डोक्यावरून घेतलेल्या पदराच्या काठावर, कानाच्या जरा पुढे. मान वळली तरी माईक तोंडासोबतच वळतो, त्यामुळे आवाज कमीजास्त होत नाही. नाटकातल्या नटांचे माईक केसांच्या रेषेत लपवतात, त्यातलंच हे.

चिमट्याऐवजी लोहचुंबकानं लावायची सोयही संचात आहे. कापडाच्या आतून चकती, बाहेरून माईक. विरलेल्या कापडासाठी ती फार चांगली, चिमट्यानं कापड फाटायची भीती राहत नाही. मात्र छातीत पेसमेकर बसवला असेल तर हे चुंबक अजिबात जवळ न्यायचं नाही, त्याच्या कामात अडथळा येऊ शकतो. वयस्कर माणसांसोबत काम करत असाल तर माईक डबीतून बाहेर काढण्याआधी घरच्यांना विचारा. मी आता पहिला प्रश्न तोच विचारते.

आवाजाचा दर्जा 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. माझ्या कामाला पुरून उरतो. गोंगाट कमी करायचं बटण मात्र मी पहिल्या महिन्यानंतर कायमचं बंद केलं. पंखा किंवा रस्त्यावरची गाडी यांसाठी ते उपयोगी आहे, पण जात्याची घरघर त्याला सलग गोंगाटच वाटते. ती गिळताना ते ओवीच्या शेवटी लांबवलेला, हळू होत गेलेला सूरही गिळतं. जात्याशिवाय ओवी म्हणजे लयीशिवाय गाणं. दोन्ही जसंच्या तसं रेकॉर्ड करायचं आणि काय कमी करायचं ते घरी ठरवायचं, एवढा नियम मी केला.

याउलट सेफ्टी ट्रॅकनं मला वाचवलं. त्यात तोच आवाज कमी पातळीवर दुसऱ्यांदा साठतो. आजी गुणगुणत असताना मध्येच शेळीवर ओरडतात, तेव्हा मुख्य ट्रॅक फाटतो. फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही, तिथे खालचा ट्रॅक जोडता येतो. दुसरा ट्रान्समीटर मी माझ्या ओढणीला लावते आणि स्टिरिओवर ठेवते, म्हणजे माझे प्रश्न एका बाजूला आणि आजींचा आवाज दुसऱ्या बाजूला वेगळा राहतो. व्हिडिओ तयार करताना ते मोनो करायला विसरू नका, नाहीतर ऐकणाऱ्याला आजी एकाच कानात ऐकू येतील.

आता अंतराबद्दल. खोक्यावरचे शेकडो मीटर मोकळ्या मैदानातले, मध्ये काहीही नसतानाचे. हे माईक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्या लहरी माणसाच्या शरीरातलं पाणी शोषून घेतं. आजी पाठमोऱ्या झाल्या की माईक आणि फोन यांच्यामध्ये त्यांचंच शरीर येतं. शेताच्या बांधावर मला साठ-सत्तर पावलं सहज मिळाली, दगडी भिंतीपलीकडे दहा पावलांत शब्द तुटले. पुण्यात नातेवाइकांच्या सोसायटीत तर खोलीतल्या खोलीत तुटले, कारण घराघरातलं वायफायही बऱ्याचदा याच पट्ट्यात असतं.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते सप्टेंबरात. फोनचं कव्हर जाड होतं, रिसीव्हर पूर्ण आत बसलाच नव्हता. दिवा हिरवा होता, कारण माईक आणि रिसीव्हर एकमेकांशी जोडलेले होते, फोनशी नव्हे. चाळीस मिनिटं फोनच्याच माईकवर रेकॉर्ड झाली. दुसऱ्या दिवशी परत गेले, आजींनी कुरकुर न करता पुन्हा गायलं, पण त्या ओव्या वेगळ्या होत्या. आदल्या दिवशी लेकीचं सासर आलं होतं, त्या दिवशी विठ्ठल आला. त्या पहिल्या ओव्या माझ्याकडे नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून आधी कव्हर काढते, वीस सेकंद रेकॉर्ड करते, इअरफोननं ऐकते आणि ट्रान्समीटरवर हळूच बोट घासते. ती खरखर रेकॉर्डिंगमध्ये आली तरच पुढे जाते. काही फोनमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) हाताने चालू करावं लागतं आणि वापर नसला की दहा मिनिटांत ते आपोआप बंद होतं, तेही तपासा. आयफोन असेल तर 15 आणि त्यानंतरच्यांना यूएसबी-सी रिसीव्हर लागतो, आधीच्यांना लाइटनिंगचा. खोक्यावर कोणता आहे ते पाहूनच पैसे द्या.

बॅटरी नवी असताना ट्रान्समीटर सहा तास चालायचा, आता साडेचारच्या आसपास थांबतो. डबीत ठेवला की भरतो, त्यामुळे एका दिवसाचं काम अडत नाही. वारा अडवायला माईकवर घालायच्या केसाळ टोप्या मात्र हरवतात. चारातल्या तीन नाणेघाटाच्या वाटेवर आणि एसटीत गेल्या. उरलेली मी काळ्या दोऱ्यानं दोन टाके घालून पक्की केली. पावसाळ्यातल्या घाटवाऱ्यात तिच्याशिवाय एकही शब्द कळत नाही. नुसता स्पंज श्वासाचा फुस्स आवाज अडवतो, वारा नाही.

पुढचा संच घेताना ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होईल असा घेणार आहे. डीजेआयच्या ‘माईक 2’ मध्ये 8 जीबी जागा आहे आणि 32-बिट फ्लोटही आहे, म्हणजे पातळी चुकली तरी आवाज सावरता येतो. पण तो 28 ग्रॅमचा. पदराच्या काठावर तो टिकेल का, हे एका मैत्रिणीचा उसना आणून आधी बघणार आहे. सप्टेंबरातल्या आजींनी पेरणीच्या आधी यायला सांगितलंय, तेव्हा दोन्ही माईक सोबत नेईन.