लाल की चंदेरी? खान्देशात थर्मामीटर निवडताना

थर्मामीटर मागितला की दुकानदार दोन गोष्टी विचारतो: तापाचा की हवेचा? आणि लाल चालेल का? (लाल म्हणजे बहुधा रंगवलेल्या अल्कोहोलचा, चंदेरी म्हणजे पाऱ्याचा.) तो कुठे टांगणार आणि फुटला तर आतलं कशावर सांडणार, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते आधी त्याचंच उत्तर ठरवावं. अचूकतेचा विचार नंतर केला तरी चालतो.

काचेच्या सगळ्या थर्मामीटरांचं तंत्र एकच. खाली फुगा, वर केसासारखी बारीक नळी. तापलं की द्रव पसरतो, काचही पसरते, पण द्रव जास्त पसरतो आणि तेवढाच नळीत चढतो. १ घनसेंटिमीटर पारा १० अंशांनी तापवला तर जेमतेम १.८ घनमिलिमीटर वाढतो. तेवढंच अल्कोहोल ११च्या आसपास वाढतं, म्हणजे सहापट. म्हणून पाऱ्याची नळी अतिशय बारीक ठेवावी लागते आणि वाचता यावी म्हणून पुढची काच भिंगासारखी फुगीर करतात. लाल द्रवाची नळी रुंद चालते, म्हणून चष्मा नसला तरी दुरून दिसते. ओट्यावर, गोठ्यात, शाळेच्या व्हरांड्यात टांगायचा असेल तर हा फायदा मोठा आहे.

पाणीच का भरत नाहीत, हे मुलं हमखास विचारतात. पाणी ४ अंशांच्या खाली गेलं की आकसायच्या ऐवजी पुन्हा पसरायला लागतं, म्हणजे ३ आणि ५ अंशांना उंची जवळपास सारखीच दिसेल. शून्याला ते गोठतं आणि नळी फोडतं. विषय संपला.

पारा उणे ३८.८ अंशांना गोठतो आणि ३५७च्या सुमारास उकळतो. इथेनॉल, म्हणजे थर्मामीटरातलं नेहमीचं अल्कोहोल, उणे ११४ला गोठतं, पण ७८लाच उकळतं. गोठण्याची काळजी हिमालयातल्या लोकांनी करावी. धुळ्यात थंडी कितीही कडक पडली तरी दोन्हींपैकी काही गोठणार नाही. आपली अडचण वरच्या टोकाला आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळची सावलीतली हवा ४५च्या पुढे जाते, पत्र्याखालची त्याहून वर. ५० पर्यंतच खुणा असलेला स्वस्त लाल थर्मामीटर पत्र्याच्या शेडमध्ये टांगला की द्रव थेट टोकाला जाऊन बसतो. वर मोकळी जागा ठेवलेली नसेल तर काच जाते. फुटला नाही तरी द्रवाची थोडी वाफ वरच्या टोकाला जाऊन थेंब होऊन बसते, नळीतल्या द्रवाचा धागा मध्येच तुटतो आणि त्यानंतरचं प्रत्येक वाचन तेवढ्याने कमी येतं. म्हणून लाल घ्यायचा तर किमान ६० पर्यंतच्या खुणांचा घ्या. ११० पर्यंत खुणा असलेल्या लाल थर्मामीटरात बहुधा अल्कोहोल नसतं, तर रॉकेलच्या जातीचं किंवा टोल्युइनसारखं उंचावर उकळणारं द्रव असतं. टोल्युइनचा उत्कलनांक ११०च्या थोडा वर आहे.

अचूकतेत पारा पुढे आहे, यात वाद नाही. तो काचेला चिकटत नाही, उष्णता झटकन वाहून नेतो आणि त्याचं पसरणं जवळपास एकसारखं असतं. अल्कोहोल काचेला ओलं करतं. तापमान भराभर उतरलं की भिंतीवर पातळ थर मागे राहतो आणि थोडा वेळ आकडा खराहून कमी दिसतो. वाचायची रीतही वेगळी: पाऱ्याचा माथा फुगीर असतो, तो वरून वाचायचा. लाल द्रवाचा खोलगट, तो तळाशी वाचायचा. शाळेच्या प्रयोगवहीतले अर्धे फरक इथूनच येतात.

प्रयोगशाळेसाठी आणखी एक भानगड आहे. पूर्ण बुडवून वाचायचा थर्मामीटर आपण अर्धाच बुडवतो. समजा उकळत्या पाण्यात तो ठेवला, खुणांचे ६० अंश बाहेर राहिले आणि बाहेरची हवा ४० अंश आहे. बाहेरचा द्रव थंड असल्याने आकडा कमी येतो: पाऱ्यात साधारण अर्धा अंश, लाल द्रवात साडेतीन अंश किंवा थोडा जास्तच. गूळ, पाक, रसायनं अशा कामाला लाल घ्यायचा असेल तर दांडीवर बुडवायची रेघ आखलेलाच घ्या आणि तिथवरच बुडवा.

आता तापाचा थर्मामीटर. इथे खान्देशचा उन्हाळा खरा आडवा येतो, आणि कंपनीच्या कागदावर हे फारसं ठळक लिहिलेलं नसतं. फुग्याच्या वर नळीला एक चिमटा असतो. तापताना पारा त्यातून वर जातो, उतरताना धागा तिथेच तुटतो, म्हणून तोंडातून काढल्यावरही आकडा टिकतो. यात गृहीत धरलंय की खोली अंगापेक्षा थंड आहे. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ४३ अंश असताना काय होतं बघा. झटकून ३५वर आणलेला पारा हातातच पुन्हा चढायला लागतो. पोराला ताप ३८.५ असेल, पण थर्मामीटर खिडकीपाशी नेऊन डोळ्यांसमोर धरेपर्यंत फुगा खोलीची उष्णता घेतो आणि आकडा ४०च्या पुढे सरकतो. आई घाबरते, रिक्षा बोलावली जाते. उपाय सोपा आहे: आधी फुगा माठातल्या पाण्यात बुडवून मग झटकायचा, आणि तोंडातून काढल्या काढल्या पुन्हा माठाच्या पाण्यात. धागा चिमट्यापाशी तुटला की आकडा तेवढा वेळ थांबतो. आणि हा थर्मामीटर बंद गाडीत किंवा गच्चीवरच्या खोलीतल्या कपाटात ठेवू नका. खुणा ४२ला, म्हणजे फॅरनहाइटच्या १०८च्या आसपास संपतात, आणि वर फारशी जागा नसते.

तरीही नवा घेताना पाऱ्याचा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एका तापाच्या थर्मामीटरात साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. फुटला की गोळ्या फरशीच्या फटीत जातात आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत त्यांची वाफ जोरात होते. ही वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो. झाडूने झाडलं तर गोळ्या आणखी बारीक होतात. पुठ्ठ्याने एकत्र करून झाकणाच्या बरणीत भरायच्या, खिडक्या उघडायच्या, लहान मुलांना बाहेर काढायचं. आणि आधी अंगठी-बांगड्या काढा: पारा सोन्यात मुरतो आणि सोनं पांढरं पडतं. सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावात हे सांगायला हवंच. पाऱ्याची उपकरणं बंद करण्यासाठी २०१३मध्ये मिनामाटा करार झाला, भारताने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली. थर्मामीटरांसाठी करारात २०२० ही मुदत होती, काही सवलती सोडून.

पाऱ्याऐवजी तसाच दिसणारा गॅलिन्स्टन मिळतो: गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा मिश्रधातू, उणे १९पर्यंत द्रव राहतो, विषारी नाही. तो काचेला चिकटतो म्हणून नळीला आतून लेप द्यावा लागतो, त्यामुळे महाग पडतो आणि झटकायला मनगट दुखतं. उन्हाळ्यातली वरची अडचण त्यालाही आहेच. डिजिटल सोपा, पण डब्यावर वापराचं तापमान वाचा. ते बहुधा ४०च्या आसपास संपतं.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांचं गणित अगदी उलट. त्यांना रात्रीचं किमान तापमान हवं, कारण १२-१३ अंशांच्या खाली केळीला थंडी बाधते आणि पाणी द्यायचं की बांधावर धूर करायचा, हे त्यावरच ठरतं. इथे अल्कोहोलच लागतं, पारा नाही. किमान तापमापीत पारदर्शक द्रवाच्या आत एक बारीक काडी असते. थंडी पडली की द्रवाचा खोलगट माथा तिला सोबत मागे ओढतो, ऊब आली की द्रव तिला ओलांडून पुढे जातो आणि काडी तिथेच राहते. सकाळी तिचं फुग्यापासून लांबचं टोक वाचायचं. हा थर्मामीटर आडवा ठेवायचा, उभा टांगला तर काडी घसरते. बागेत ठेवताना सावली हवी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंची हवी, आणि हवा खेळती हवी. उन्हात ठेवलेला कुठलाही थर्मामीटर हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. मे महिन्यात मोबाइलवर फिरणाऱ्या ५२-५४च्या फोटोंमागे बहुतेक हेच असतं.

पिकवणी घरात, जिथे केळी १६ ते १८ अंशांवर ठेवतात, पाऱ्याचं काहीही नेऊ नका. लाल, जाड काचेचा, प्लास्टिकच्या आवरणातला घ्या आणि डिजिटल पॅनेलची पडताळणी त्यावर करा. जुन्या यू-नळीच्या कमाल-किमान तापमापीत खाली पारा असतो; दुकानात विचारून बिनपाऱ्याचीच मागा.

कुठलाही घ्या, पण दुकानातच खोक्यातले चार-पाच शेजारी ठेवून पाहा. एकटाच वेगळा आकडा सांगणारा सोडा, धागा तुटलेलाही सोडा. घरी आल्यावर बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात कालवून फुगा त्यात ठेवा, शून्य दिसायला हवं. वरचं टोक उकळत्या पाण्यात तपासताना १००ची अपेक्षा धरू नका. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या वर असल्याने तिथे पाणी ९९.३च्या आसपास उकळतं, डोंगरावरच्या तोरणमाळला ९६च्या जवळपास. ५०-६० पर्यंतचा लाल थर्मामीटर मात्र या चाचणीत घालू नका, फुटेल.