नवी दिल्ली स्टेशनबाहेर कुणी म्हणालं, ‘तुमचं बुकिंग रद्द झालंय’, तर

मुंबई सेंट्रलहून राजधानीने किंवा पुण्याहून झेलमने पहिल्यांदाच एकट्याने दिल्ली पाहायला येणाऱ्या माणसाकडे बहुधा सगळी तयारी असते. हॉटेल ठरलेलं असतं, परतीचं तिकीट काढलेलं असतं, काय काय पाहायचं याची यादी फोनमध्ये असते. स्टेशनबाहेर टपून बसलेल्यांनाही हे ठाऊक असतं. म्हणूनच ते आल्याआल्या काही विकत नाहीत, आधी एक वाईट बातमी सांगतात. हॉटेलकडचा रस्ता बंद आहे, बुकिंग रद्द झालंय, हे तिकीट चालणार नाही, लाल किल्ला आज बंद आहे. ठरवलेला बेत मोडला की माणूस गांगरतो, आणि गांगरलेल्याला दुसरा बेत वाटेल त्या भावात गळ्यात मारता येतो. दिल्लीत पर्यटकांना गंडवण्याचे बहुतेक प्रकार याच एका युक्तीवर चालतात. हे परदेशी लोकांच्याच वाट्याला येतं, आपल्याला हिंदी येतं तेव्हा आपण सुरक्षित, हा समज आधी डोक्यातून काढा. हिंदी आलं तरी शहर माहीत नसतं, आणि त्यांना तेवढं पुरतं.

नवी दिल्ली स्टेशनला दोन बाजू आहेत. फलाट १ कडची पहाडगंजची आणि फलाट १६ कडची अजमेरी गेटची. मेट्रोची यलो लाइन आणि एअरपोर्ट एक्सप्रेस या दोन्हींची स्टेशनं अजमेरी गेटच्या बाजूला आहेत, तर स्वस्त हॉटेलांची गर्दी पहाडगंजला. कुठल्या बाजूला बाहेर पडायचं हे गाडीत बसल्या जागीच ठरवा. फोन काढून नकाशा पाहायचा असेल तर फलाटावर पाहा, दाराबाहेर नको. पाठीला सॅक, हातात नकाशा उघडलेला फोन आणि इकडेतिकडे फिरणारी नजर एवढं दिसलं की पुढचा माणूस जवळ आलाच म्हणून समजा. आग्रा-जयपूरकडे अशांना लपके म्हणतात. कपडे नीटनेटके, गळ्यात फितीला लावलेलं कसलंसं ओळखपत्र, बोलणं मदतीचं. ‘पहली बार आए हो?’, ‘अकेले?’, ‘कौन-सा होटल?’ हे तीन प्रश्न गप्पांच्या ओघात येतात. तुम्हाला भाव ठाऊक आहेत का, तुम्हाला सावध करायला सोबत कुणी आहे का आणि पुढे फोनवर कुठल्या हॉटेलचं नाव घ्यायचं, ही तिन्ही उत्तरं त्यातून मिळतात. तुमच्या बोलण्यावरून मराठी ओळखलं तर ‘मी पण दादरला होतो’ असंही ऐकायला मिळेल. उत्तर न देता चालत राहिलात तर त्यात कसलाही उद्धटपणा नाही.

आता मुख्य प्रकार. रिक्षात बसल्यावर पाचेक मिनिटांत चालक सांगतो, ‘उधर तो रास्ता बंद है.’ कारण रोज वेगळं. कधी मोर्चा, कधी व्हीआयपी येणार, कधी दंगल. मग तो आपणहून म्हणतो की सरकारी टुरिस्ट ऑफिसात विचारून घेऊ, पैसे लागत नाहीत. रिक्षा कॅनॉट प्लेसच्या आसपासच्या एखाद्या गल्लीत थांबते. पाटीवर ‘टुरिस्ट इन्फर्मेशन’ आणि ‘सरकारमान्य’ अशी मोठी अक्षरं असतात, आत भारताचा नकाशा, टेबल, संगणक आणि चहा. हे खासगी एजंटाचं दुकान असतं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं माहिती कार्यालय ८८, जनपथ इथे आहे. तिथे माहिती मिळते, कुणी सहल गळ्यात मारत नाही.

टेबलापलीकडचा माणूस तुमचं बुकिंग पाहायला मागतो. हॉटेलचं नाव आणि बुकिंगचा क्रमांक त्याला तिथेच कळतो. मग तो म्हणतो, ‘मैं बात करा देता हूँ,’ आणि स्वतःच्या फोनवरून किंवा तुमचा फोन हातात घेऊन नंबर लावतो. पलीकडून तुमच्या हॉटेलचं नाव घेऊनच कुणीतरी बोलतं, बुकिंग क्रमांक विचारतं, दोन क्षण थांबतं आणि माफी मागतं. खोल्या जास्त बुक झाल्या, पैसे परत मिळतील, आज जागा नाही. ऐकणाऱ्याला शंका येत नाही, कारण नाव बरोबर, क्रमांक बरोबर. पण पलीकडे हॉटेल नसतंच, याच टोळीतला दुसरा माणूस असतो. सगळी लबाडी नंबर कुणी फिरवला यात आहे. म्हणून फोन कधीही दुसऱ्याच्या हातात देऊ नका, आणि कॉल तुम्हीच, तुमच्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरावर करा. हा नंबर बुकिंगच्या ईमेलमधून घ्या. नकाशावर किंवा सर्चमध्ये दिसणारे हॉटेलांचे नंबर काही वेळा भामट्यांनी बदललेले असतात, त्यामुळे तिथेही घात होऊ शकतो. आदल्या रात्री गाडीतूनच हॉटेलला फोन करून पोहोचण्याची वेळ सांगा, फोनवर बोलणाऱ्याचं नाव आणि जवळची खूण विचारून ठेवा. दुसऱ्या दिवशी कुणी ‘बुकिंग नाही’ म्हणालं, तर ते नाव तुमच्या हातात असतं.

हॉटेल ‘गेलं’ की संगणकावर सगळी दिल्ली भरलेली दाखवली जाते. गाड्याही फुल्ल. मग येते सहल: आग्रा, जयपूर, कधी थेट श्रीनगरची हाउसबोट, ‘आजच निघा, उद्या भाव वाढेल’ या घाईसह. पैसे घेतल्यावर हातात पडते ती कच्ची पावती. तिच्यावर ‘हॉटेल, गाडी, ड्रायव्हर’ एवढंच लिहिलेलं असतं. टोल, पार्किंग, दुसऱ्या राज्यात शिरण्याचा कर आणि ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता यातलं काय धरलंय आणि काय नाही, याचा उल्लेखच नसतो, आणि पुढे प्रत्येक नाक्यावर ते वेगळे मागितले जातात. हॉटेलचं नाव नसतं, फक्त ‘डीलक्स’. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, तरी शुक्रवारी ताज दाखवणारा कार्यक्रमही बेधडक विकला जातो. आग्र्याला जायचंच असेल तर हजरत निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्सप्रेस पावणेदोन तासांच्या आत आग्रा कँटला पोहोचवते. तीही शुक्रवारी धावत नाही. भारतीयांना ताजचं तिकीट ५० रुपये आहे, मुख्य मकबऱ्यात जायचं असेल तर आणखी २०० रुपये. एवढे आकडे माहीत असले तरी पॅकेजच्या किमतीतली फुगवलेली बाजू उघडी पडते.

यूपीआयने पैसे देताना पिन टाकण्याआधी पडद्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. पाटीवर ट्रॅव्हल्सचं नाव आणि पडद्यावर कुणा तिऱ्हाइताचं नाव असेल, तर तिथेच थांबा.

परतीच्या प्रवासात हाच खेळ तिकिटावरून होतो. स्टेशनच्या दाराशी, सामान तपासणीच्या मशीनच्या अलीकडे, कुणीतरी तिकीट मागतो. गणवेश नसतो, पण मागण्यात अधिकार असतो. ‘ये कन्फर्म नहीं है, बोर्डिंग पास लेना पड़ेगा’ असं सांगून तो बाहेरच्या ऑफिसात पाठवतो. रेल्वेत बोर्डिंग पास नावाचा प्रकार नाही. ई-तिकिटाचा मेसेज आणि मूळ ओळखपत्र एवढंच लागतं. शेवटपर्यंत वेटिंगमध्ये राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, त्यासाठी कुठल्या एजंटाकडे जावं लागत नाही. तिकिटाची स्थिती १३९ वर पीएनआर देऊन पाहता येते. बरोबर परदेशी मित्र असेल तर त्याला हेही सांगा की परदेशी प्रवाशांचं आरक्षण केंद्र स्टेशनच्या आतच, पहाडगंज बाजूला पहिल्या मजल्यावर आहे. ते जळालं, हललं किंवा बंद झालं, असं दाराशी सांगितलं जातं ते जिना चढून जाऊ नये म्हणूनच.

‘आज बंद आहे’ हे वाक्य जास्त घातक आहे, कारण त्यात खऱ्याची भेसळ असते. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी खरंच बंद असतात. त्यामुळे मंगळवारी कुणी तेच सांगितलं तरी खरं वाटतं. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर मात्र आठवड्याचे सातही दिवस उघडी असतात. या दोन्हींचं भारतीयांसाठीचं तिकीट ऑनलाइन ३५ आणि खिडकीवर ४० रुपये आहे, १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. जामा मशिदीत आत जायला, इंडिया गेट पाहायला आणि बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात दर्शन घ्यायला पैसे लागत नाहीत. गुरुद्वाऱ्यात चपला ठेवणं, डोक्यावर बांधायचा रुमाल आणि लंगर हे सगळं विनामूल्य असतं.

बंदच्या बातमीनंतर रिक्षावाला ज्या ‘सरकारी एम्पोरियम’मध्ये नेतो, तिथे त्याला गिऱ्हाईक आणल्याचं कमिशन मिळतं, आणि ते तुमच्या शालीच्या किंवा गालिच्याच्या किमतीत घातलेलं असतं. अर्ध्या दिवसाची ‘दिल्ली दर्शन’ अगदी किरकोळ पैशांत देणाऱ्या रिक्षाचं गणितही हेच. राज्य सरकारांची खरी एम्पोरियम कॅनॉट प्लेसजवळ बाबा खडकसिंग मार्गावर ओळीने आहेत, महाराष्ट्राचंही त्यात आहे. केंद्राचं सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम जनपथवर आहे. खासगी दुकानदार पाटीत ‘कॉटेज’ हा शब्द घालून त्याच नावाचा भास निर्माण करतात.

कॅनॉट प्लेसच्या गोल वऱ्हांड्यात बुटावर शेणासारखी घाण पडलेली कुणी दाखवली, आणि पॉलिशवाला तिथेच हजर असला, तर घाण टाकणारा आणि पुसणारा एकमेकांना ओळखतात. त्याला पाय देऊ नका. पुढे जाऊन कागदाने पुसा.

मग जायचं कसं? सामान कमी असेल तर मेट्रोइतकी बिनघोर दुसरी सोय नाही. नवी दिल्लीहून यलो लाइनने राजीव चौक, म्हणजे कॅनॉट प्लेस, पुढचंच स्टेशन. उलट्या दिशेला चावडी बाजार आणि मग चांदनी चौक. लाल किल्ला आणि जामा मशिदीची स्टेशनं व्हायोलेट लाइनवर आहेत, हुमायूनच्या कबरीसाठी त्याच लाइनवरचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. तिकीट फोनवर क्यूआरने निघतं, रांगेत पाकीट बाहेर काढावं लागत नाही. गाडी ज्या दिशेला जाते तिकडचा पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो, एकटीने फिरणाऱ्या बाईला त्याचा मोठा आधार असतो. रिक्षा हवीच असेल तर पोलिसांच्या प्रीपेड बूथवर पैसे भरा आणि चालकाच्या वाट्याची चिठ्ठी हॉटेलच्या दारात उतरल्यावरच त्याला द्या. ती चिठ्ठी देईपर्यंत त्याला पैसे मिळत नाहीत, म्हणून मध्येच ‘ऑफिस’ला थांबायची त्याची घाई कमी होते. मीटरचे दर जानेवारी २०२३ मध्ये ठरले ते असे: पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये, पुढे किलोमीटरला ११, आणि रात्री ११ ते पहाटे ५ पंचवीस टक्के जादा. करोलबागसारख्या पाच किलोमीटरवरच्या ठिकाणी दिवसा ७० रुपयांच्या आसपास होतात. तिथे ३०० मागणाऱ्याशी घासाघीस करत बसू नका, दुसरी रिक्षा पाहा.

आणि त्या ऑफिसात जाऊन बसलाच असाल तर? दार उघडं असतं, तुम्ही कुणाचं काही लागत नाही. वाद घालू नका, हॉटेलला स्वतः फोन लावतो म्हणून बाहेर या, मोठ्या रस्त्याला लागा आणि तिथून मेट्रो पकडा. अडवलं, सामान धरून ठेवलं, तर त्यांच्यासमोरच ११२ लावा. पर्यटकांसाठी १३६३ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

पैसे दिले गेले असतील तर लाजेने गप्प बसू नका, कारण तासातासाने ते पैसे पुढच्या खात्यांत जात राहतात. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, रक्कम, वेळ आणि पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा, घेणाऱ्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर ते गोठवता येतात. लगेच बँकेलाही कळवा. पिन तुम्ही स्वतः टाकलेला असल्यामुळे बँक सरळ परत देईल असं धरून चालू नका, आणि म्हणूनच पुरावा सांभाळा. पावती, पाटीचा फोटो, रिक्षाचा नंबर, ‘हॉटेल’ला लावलेल्या फोनची नोंद आणि खऱ्या हॉटेलने तुमचं बुकिंग चालू असल्याचं लिहून दिलेला मेसेज. हा शेवटचा सगळ्यात भक्कम, कारण खोटं बोलून पैसे घेतले हे त्यातून थेट दिसतं. सेवेबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, नोंदवता येते. दिल्लीत थांबायला वेळ नसेल तरी हरकत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी तुमच्या गावच्या पोलिस ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. तिथे ‘दिल्लीला जा’ असं उत्तर मिळालं, तर कलम १७३ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोचशिक्का मागून घ्या.