१९९२च्या मियाटाला डोअर बार बसवले, चार महिन्यांनंतरचा अनुभव

माझी माझदा मियाटा १९९२ची आहे, सोळाशे सीसी इंजिन आणि हाताने फिरवायच्या काचा असलेली. शर्यतीच्या ट्रॅकवर अशी उघड्या छताची गाडी न्यायची तर बहुतेक आयोजक रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची पाइपची कमान, मागतात, म्हणून तो दोन वर्षांपूर्वीच बसवला होता. डोअर बार, म्हणजे दाराच्या आतून लावायचे लोखंडी पाइप, मात्र कुणी मागितले नव्हते. ते घ्यायचं मी ठरवलं कॅलिफोर्नियातल्या थंडरहिल ट्रॅकवर. माझ्यापुढची गाडी गिरकी घेऊन ट्रॅकवर आडवी थांबली. तिच्या चालकाच्या दाराकडे बघत मी बाजूने निघाले तेव्हा लक्षात आलं, की माझ्याही कमरेपाशी एक पातळ दार आहे आणि त्याच्यापुढे लगेच मी.

हा बार रोल बारच्या उभ्या पाइपला मागे क्लॅम्पने धरतो, दाराच्या उघड्या जागेतून तिरका खाली उतरतो आणि डॅशबोर्डखाली, पायाजवळच्या कोपऱ्यात पत्र्याला बोल्टने बसतो. वेल्डिंग करावं लागत नाही. दोन्ही बाजूंचा संच मला साडेतीनशे डॉलरला पडला. वेल्डिंगची शिवण एकसारखी, पावडर कोटिंग जाड. माझ्या वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. व्हिडिओवर त्यांनी ती शिवण तीनदा जवळून दाखवायला लावली आणि म्हणाले, "हात चांगला हाय."

पुढे पत्र्यावर बोल्टने बसते त्या पट्टीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. डाव्या पट्टीचं एक भोक तीन मिलिमीटर सरकलेलं होतं. विक्रेत्याला फोटो पाठवले, पण अकरा दिवस उत्तर आलं नाही. शेवटी गोल कानस घेऊन मीच भोक लांबट केलं आणि जाड वायसर टाकला. सूचनापत्रकात जेमतेम दोन पानं आणि त्यावर काळपट फोटो. या किमतीत हे चालणार नाही, आणि मी एक तारा त्यासाठीच कापते आहे.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ भोकं पाडण्यात जातो, आणि जायलाच हवा. बाबांनी बजावलं होतं, "पोरी, पत्र्याला ड्रिल लावायच्या आधी पत्र्याखाली काय हाय ते बघ." मियाटाच्या तळाखालून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात. गाडी चार स्टँडवर घेतली, गालिचा सोलून काढला, सेंटर पंच मारला आणि आधी फक्त तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. मग खाली जाऊन ते कुठे निघालं ते पाहिलं आणि त्यानंतरच मोठं ड्रिल लावलं. कापलेल्या कडेवर झिंक प्रायमरचे दोन हात दिले, खालून जाड पत्र्याची आधारपट्टी लावली, कडेने सीलंट भरलं. या गाड्यांचे दाराखालचे उंबरे गंजाने जातात. आपल्या हाताने त्याला नवी वाट करून द्यायची नाही. दोन शनिवार लागले.

आता फरक. छत नसलेल्या गाडीचं शरीर पिळतं. माझदाने १९९४च्या मॉडेलला सीटबेल्टच्या दोन खांबांमध्ये आडवा बार घातला, माझ्या गाडीत तो नाही. आधी पुढचं एक चाक जॅकवर उचललं, की दार कुलपाच्या खिळ्याला घासायचं आणि ढकलून लावावं लागायचं. तेव्हा दाराची फट व्हर्नियरने मोजून ठेवली होती: जॅकवर घेताच ती अडीच मिलिमीटरने बदलायची. बार लागल्यावर हा बदल जेमतेम एक मिलिमीटर उरला आणि दार बोटाने लागतं. रेल्वे फाटकावरून जाताना समोरच्या काचेची चौकट थरथरायची, ते निम्म्याहून कमी झालं. थंडरहिलच्या नवव्या वळणाच्या चढावर गाडी हलकी होते आणि पुन्हा खाली बसते. तिथे स्टिअरिंगमधून आता एकच सरळ निरोप येतो. पूर्वी दोन यायचे, दुसरा जरा उशिराने.

त्रासही आहे. दाराचा हातटेका काढावा लागला. काचेचं हँडल फिरवताना बोटांची पेरं पाइपला लागतात, म्हणून मी आखूड हँडल लावलं. मूळ सीटची बाहेरची कड बारला घासते. फोम लावायचाच, आणि तोही एसएफआय ४५.१ (रोल बारवरच्या फोमसाठीचं अमेरिकी सुरक्षा मानक) दर्जाचा कडक. नळावर चढवतात तो मऊ फोम डोक्याला वाचवत नाही. रोज ऑफिसला हीच गाडी नेत असाल तर घेऊ नका. हेल्मेट नसताना डोक्याभोवती जितकं लोखंड कमी तितकं बरं. आणि हा शर्यतीच्या गाडीतला चहूबाजूंचा पूर्ण पिंजरा नाही. बोल्टचा बार बाजूचा मार काही प्रमाणात अडवेल, त्यापलीकडची खात्री मी देणार नाही.

आत बसायला आधी बारवर टेकायचं, मग पाय एकेक करून आत घ्यायचे. मला सवय झाली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना ते जमणं शक्य नव्हतं. पण उघड्या गाडीतून संध्याकाळची चक्कर त्यांना मनापासून आवडते. म्हणून त्या असल्या की उजवीकडचा बार काढते. चार बोल्ट, पुढच्या दोनांना सतरा नंबरचा पाना. आणखी एक: पहिल्या शंभर मैलांनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. माझे दोन बोल्ट पाव फेरा फिरले. आता प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढलेली आहे, ती सरकली की लगेच दिसते.

रविवारी सासूबाई घरी गेल्या आणि मी उजवा बार परत चढवला. नऊ मिनिटं लागली, रेघा जागेवर जुळल्या.