जिल्ह्याच्या विमानतळावर विमान आणायचंय: उडान, राज्याचा निधी की सरळ बाजार?

धावपट्टी झाली, टर्मिनल उभं राहिलं, डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवानाही हातात आला. आता व्यापारी महासंघ, आमदार-खासदार आणि विमानतळ समिती एका टेबलाशी बसतात आणि पहिली मागणी ठरलेली असते: "मुंबईची सेवा उडानमध्ये टाका." उडान म्हणजे छोटी शहरं स्वस्तात विमानाने जोडणारी केंद्राची योजना. मागणी चुकीची नाही, पण वाटा तीन आहेत आणि प्रत्येकीचा खर्च वेगळ्याच खिशातून जातो.

उडानमध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरण निविदा मागवतं आणि त्या मार्गासाठी कमीत कमी व्यवहार्यता तफावत निधी (व्हीजीएफ), म्हणजे खर्च आणि कमाईतली तूट भरून काढणारं अनुदान, मागणाऱ्या कंपनीला मार्ग मिळतो. निम्म्या आसनांवर भाड्याची कमाल मर्यादा असते. योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला ती 2,500 रुपये होती, पुढे बदलत गेली. म्हणजे एटीआर या 70 आसनी छोट्या विमानात 35 जागा स्वस्त आणि उरलेल्या 35 बाजारभावाने. तफावतीचे 80 टक्के केंद्राच्या बाजूने येतात, 20 टक्के महाराष्ट्राने द्यायचे. शिवाय राज्य सुरक्षा आणि अग्निशमन मोफत पुरवतं आणि त्या विमानतळावर भरलेल्या इंधनावरचा मूल्यवर्धित कर दहा वर्षांसाठी 1 टक्का किंवा त्याहून कमी ठेवतं.

तफावतीचा निधी मात्र तीनच वर्षं मिळतो. खरी परीक्षा त्यानंतर. कॅगच्या 2023 च्या अहवालातले आकडे समितीच्या भिंतीवर लावण्यासारखे आहेत: उडानच्या निविदांच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च 2023 मध्ये मुदतीनंतरही चालू होते फक्त 54. आपल्याकडे सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचं उदाहरण ताजं आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेली अलायन्स एअरची मुंबई सेवा तीन वर्षांचा करार संपताच ऑक्टोबर 2024 मध्ये थांबली.

दुसरा धोका कमी बोलला जातो. तीन वर्षं त्या मार्गावर त्या कंपनीचा एकाधिकार असतो. कंपनी भक्कम असेल तर ठीक, पण दोन-तीन विमानांची कंपनी असेल तर एक इंजिन दुरुस्तीला गेलं की तुमची सेवा बंद आणि दुसऱ्याला दार उघडायलाही वेळ लागतो. 2017 च्या डिसेंबरात एअर डेक्कनने 19 आसनी बीचक्राफ्टने नाशिक आणि जळगाव मुंबईशी जोडले, पण सेवा कधी सुरळीत झालीच नाही आणि 2020 मध्ये कंपनीच बंद पडली. नांदेड, जळगाव, कोल्हापूरला येणारी ट्रूजेट 2022 मध्ये थांबली. पाचव्या फेरीपासून नियम थोडे कडक झाले: मार्ग मिळाल्यावर चार महिन्यांत सेवा सुरू करायची, निविदेतच विमान, वैमानिक आणि स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, यांची तयारी दाखवायची. सलग चार तिमाही 75 टक्क्यांहून जास्त आसनं भरली तर एकाधिकारही संपतो. निविदेआधीच्या चर्चेत आपल्या बाजूने हेच मुद्दे धरून बसा.

राज्याच्या स्वतःच्या निधीची वाट वेगाची. केंद्राच्या पुढच्या फेरीची वाट बघावी लागत नाही, मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो. सोलापूर-मुंबईसाठी 2025 मध्ये राज्याने हेच केलं आणि ऑक्टोबरमध्ये स्टार एअरचं विमान उडालं. पण इथे तफावतीचा सगळा भार राज्याच्या तिजोरीवर, आणि मंजुरी थोड्या मुदतीची. पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद टिकवायला कोण उभं राहणार, हे आधी ठरवा. रेल्वेशी गाठ आहे हेही विसरू नका: सोलापूरकराला रात्रीची सिद्धेश्वर आहे, 2023 पासून वंदे भारतही आहे. दुपारी दोनला निघणारं विमान या दोघींसमोर टिकत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं वेळापत्रक नसेल तर अनुदान द्या नाहीतर देऊ नका, व्यापारी चढणार नाही.

तिसरी वाट, अनुदानाविना. ऐकायला धाडसी वाटते, पण 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानाला दोन सवलती उडान नसतानाही आहेत: देशांतर्गत नियमित सेवेत प्राधिकरणाच्या विमानतळांवर लँडिंग शुल्क माफ, आणि 40,000 किलोपेक्षा कमी वजनाच्या विमानाच्या इंधनावर केंद्रीय विक्रीकर कायद्यामुळे कराची कमाल मर्यादा. एटीआर 72 या दोन्हींत बसतं. ए320 सारखं मोठं जेट बसत नाही, त्याला मुंबईत इंधन भरताना 18 टक्के कर लागतो. म्हणून मोठं विमान हवं असेल तर आपल्या विमानतळावर इंधनाची सोय आहे का, हा पहिला प्रश्न. ती नसेल तर एक टक्क्याची सवलत कागदावरच राहते, कारण विमान परतीचं इंधनही मुंबईतूनच घेऊन येतं.

हिशेब सोपा आहे. 70 टक्के भरण्यासाठी एटीआरला प्रत्येक उड्डाणाला 49 प्रवासी लागतात, 180 आसनी विमानाला 126. धावपट्टीही बघा: अमरावतीच्या 1,850 मीटरवर एटीआर चालतं, मोठ्या जेटची अपेक्षा तिथे धरू नये. अग्निशमनाची श्रेणीही बदलते, एटीआर 72 ला पाचवी, ए320 ला सहावी, म्हणजे गाड्या आणि माणसं वाढली. विमानतळाची यंत्रणा फक्त दृश्य उड्डाणापुरती, म्हणजे वैमानिकाने डोळ्यांनी बघून उतरण्यापुरती, असेल तर किमान 5 किलोमीटर दृश्यमानता लागते. पावसाळ्यात किंवा हिवाळ्यातल्या धुक्यात पहिली फेरी इथेच रद्द होते, दोष मात्र कंपनीला मिळतो.

तिन्ही वाटांवर एक अडथळा सारखाच: मुंबईचा स्लॉट. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते, आणि 70 आसनी विमानही 180 आसनी विमानाइतकाच स्लॉट खातं. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबई सुरू झाल्यावर पर्याय आला आहे, पण अंधेरी-वांद्र्यात काम असलेल्याला पनवेलजवळून पुढचा रस्ता पकडावा लागतो.

निवड करायची तर अशी. मुंबईचा सकाळचा स्लॉट लेखी हातात असेल आणि महिन्याचे दोन-तीन हजार प्रवासी खात्रीने दाखवता येत असतील, तर एटीआर किंवा एम्ब्रेअरची छोटी विमानं चालवणाऱ्या कंपनीशी सरळ बोला. उडानच्या फेरीची वाट बघू नका. मागणी आहे पण सिद्ध करायला आकडे नाहीत, तर राज्याकडून एका वर्षाचा निधी मागा आणि त्या वर्षातले प्रवाशांचे आकडे हाच पुढच्या बोलणीचा पाया करा. मागणीच कमी असेल आणि सामान्य माणसाला विमानात बसवणं हाच हेतू असेल, तर उडान घ्या, पण निविदा भरणाऱ्यांची विमानं मोजा. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, आणि स्लॉटची मागणी त्याआधी सुमारे पाच महिने करावी लागते. दिवाळीत विमान हवं असेल तर बैठक मे महिन्यातच घ्या.