डिकीत बॅटरी न्यायचा रेडिमेड किट: डबा झकास, बाकी घोळ

बॅटरी बॉनेटखालून डिकीत न्यायची म्हणून रेडिमेड किट मागवला. ब्रँडचं नाव घेत नाही. डबा खरंच मस्त आहे, झाकण घट्ट बसतं, पट्टा भक्कम, आणि व्हेंटची नळी पण दिलीय, ती फ्लोअरमधून गाडीबाहेर काढायची कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो तो आत कोंडायला नको. इथपर्यंत पैकीच्या पैकी.

आता केबल. दिसते जाडजूड पण हातात घेतली की हलकी लागते, तार पात्याने खरवडली तर आतून पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असली 25 स्क्वेअर एमएमची तार पाच मीटर टाकली आणि सेल्फने (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) 200 अँपिअर खेचले की एक व्होल्टच्या वर वाटेतच जातो, तेच 50 स्क्वेअर एमएमचं अस्सल तांबं असेल तर 0.4 च्या आत. मग थंडीत इंजिन कण्हत फिरतं आणि लोक नवीन बॅटरी घेत बसतात! तपासायचं सोपंय, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर, कुणाला तरी चावी मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर केबल नाहीतर लगचं (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) क्रिंपिंग बोगस.

पण डोकं फिरलं ते फ्यूज बघून. पत्रकात फ्यूज दाखवलाय पुढे, सेल्फजवळ. अरे बाबा, फ्यूज वायर वाचवायला असतो, पुढे लावला तर कार्पेटखालची अख्खी केबल उघडीच राहिली ना, कुठे पत्र्यावर घासून इन्सुलेशन गेलं की बॅटरी पूर्ण ताकदीनिशी शॉर्ट, आणि सीटखाली जाळ. फ्यूज बॅटरीच्या प्लसला चिकटूनच हवा, 50 स्क्वेअरच्या केबलला साधारण 250-300 अँपिअरचा, म्हणजे सेल्फ मारताना उडत नाही आणि केबल तापून वितळायच्या आधी उडतो. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवंच, ते मात्र दिलंय.

अर्थची, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी वायर प्लसपेक्षा बारीक दिलीय, का ते त्यांनाच माहीत, जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो की. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट मारा आणि इंजिन ते बॉडी पट्टी पण तितकीच जाड टाका, नाहीतर करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो.

मी डबा ठेवला, केबल आणि फ्यूज बाहेरून घेतले. पत्रकातलं चित्र चुकीचंय म्हणून कंपनीला मेल टाकला तर उत्तर आलं, फ्यूज वॉरंटीत येत नाही.