बॉल हेड की थ्री-वे: ट्रायपॉडच्या डोक्यावर काय बसवायचं?

परवा भाचीचा फोन आला. "मामा, ट्रायपॉड घेतला, पण नुसते पायच आलेत. वर काय बसवू?" माझ्या ट्रायपॉडवर गेली कित्येक वर्षं बॉल हेड आहे आणि ते बदलायचा विचारही मनात आलेला नाही. तरी तिला मी थ्री-वे घ्यायला सांगितलं. का, ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे सविस्तर.

बॉल हेड म्हणजे वाटीत बसवलेला धातूचा गोळा. गोळ्यावर क्लॅम्प, क्लॅम्पमध्ये कॅमेऱ्याच्या बुडाला लावलेली प्लेट. मोठा नॉब सैल केला की कॅमेरा पुढे-मागे, डावी-उजवीकडे, गोल, कसाही फिरतो. आवळला की सगळं एकदम थांबतं. थ्री-वेला, दुकानात ज्याला पॅन-टिल्टही म्हणतात त्याला, या तीन हालचालींचे तीन वेगळे सांधे असतात आणि बहुतेक वेळा प्रत्येकाला आपापला दांडा किंवा नॉब. एक सैल केला तरी बाकीचे दोन जागचे हलत नाहीत. सगळा वाद एवढ्यावरूनच आहे.

माझं फोटो काढणं बहुतेक टेकडीवरचं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पहाटे खाणीच्या कडेला उभं राहिलं की आकाशाचा रंग दोन-तीन मिनिटांत बदलतो. ट्रायपॉडचा एक पाय दगडावर, एक खळग्यात, तिसरा गवतात. बॉल हेड असलं की पायांच्या उंचीशी झटत बसावं लागत नाही. गोळा सैल केला, कॅमेऱ्याच्या पडद्यावरची लेव्हल बघून क्षितिज जुळवलं, आवळलं, झालं. तेवढ्यात मागे मोर ओरडला तर तिकडे वळवायलाही तेवढाच वेळ. थ्री-वेने हेच करायचं तर आधी एक दांडा, मग दुसरा, मग पहिला पुन्हा. तोवर उजेड पांढरा झालेला असतो.

शिवाय वजन. मधल्या आकाराचं बॉल हेड साधारण ४००-५०० ग्रॅमचं असतं. धातूचं थ्री-वे सहज ८०० ग्रॅमच्या वर जातं, एक किलोच्या पुढेही. आणि ते दांडे! माझ्या एका मित्राच्या थ्री-वेचा दांडा सॅकबाहेर डोकावायचा. सिंहगडाच्या पायवाटेने चढताना तो करवंदीच्या जाळीत अडकला की आम्ही सगळे थांबायचो. बऱ्याच हेडचे दांडे पिळून काढता येतात. त्याला हे तिसऱ्या खेपेला कळलं.

भाचीचं काम मात्र वेगळं आहे. ती आर्किटेक्चरला आहे. जुने वाडे, देवळं, दारं, खांब यांचे फोटो तिला हवेत. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ घ्या. दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती, साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि गोरे शिपाई असं दाट दगडी काम आहे. असा फोटो काढताना कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा. तो थोडासा वर झुकला तरी दोन्ही बाजूंचे खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे कलतात. किंचित बाजूला कलंडला तर उंबरा तिरका. भिंतीला समोरासमोर नसला तर एक बाजू मोठी, एक लहान.

बॉल हेडवर मी तिथे काय केलं ते सांगतो. खांब सरळ केले, नॉब आवळला. बघतो तर उंबरा केसभर तिरका. उंबरा नीट करायला नॉब सैल केला, तर मघाचे खांबही सुटले. पुन्हा खांब, पुन्हा उंबरा. शेवटी "नंतर कॉम्प्युटरवर सरळ करू" असं म्हणून फोटो काढला आणि घरी आल्यावर सरळ करताना कडेचा द्वारपाल अर्धा कापला गेला. थ्री-वेवर हे काम आजीच्या जुन्या रेडिओसारखं चालतं. बाजूचा कल सांभाळणारा दांडा जरा पिळायचा, उंबरा जुळला की आवळायचा. खांबांना हातही लागत नाही. घरी टेबलावर दागिन्यांचे किंवा फराळाच्या ताटांचे फोटो काढून विकणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. याच घराण्यातलं आणखी नेमकं हेड म्हणजे गिअरचं. नॉब फिरवला की कॅमेरा अंशाअंशाने सरकतो. पण ते महागही आणि जडही. शिकत असताना त्याची गरज नाही.

(ट्रायपॉड घेऊन शनिवारवाड्यात किंवा पाताळेश्वरला जाणार असाल तर ती पुरातत्त्व खात्याची ठिकाणं आहेत, परवानगीचं आधी बघा. हेड कुठलंही असो, पहारेकऱ्याला पाय दिसतात.)

बॉल हेडचं खरं दुखणं वेगळंच आहे आणि जाहिरातीत ते येत नाही. फ्रेम जुळवून नॉब आवळता, हात काढता, आणि फ्रेम जरा खाली बसते. लेन्सचं वजन पुढे ओढतं आणि गोळ्याला धरून ठेवणारं घर्षणाशिवाय काही नसतं. गोळा मोठा, घडाई चांगली, तर पकड चांगली. म्हणून वजनदार लेन्स असेल तर २८-३० मिलिमीटरच्या गोळ्याच्या वाट्याला जाऊ नका. ४० च्या आसपासचा बघा. पाकिटावरच्या "इतके किलो पेलतो" वर विसंबू नका. तो आकडा काढायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत नाही, आणि सरळ उभा भार पेलणं वेगळं, पुढे झुकलेली लेन्स धरणं वेगळं.

आणि चांगल्या बॉल हेडला मोठ्या नॉबशिवाय घर्षणाचा वेगळा छोटा नॉब असतो. तो असा लावायचा की मोठा नॉब सैल केल्यावर कॅमेरा हाताने हलेल, पण स्वतःहून पडणार नाही. बहुतेक लोक त्याला कधी हात लावत नाहीत. मीही लावला नव्हता. एकदा ३०० मिलिमीटरची लेन्स चढवून, दुसऱ्या हाताने कॅमेरा न धरता मोठा नॉब सोडला. लेन्स घण पडावा तशी ट्रायपॉडच्या पायावर आदळली आणि लेन्सहूडचा टवका उडाला. काच वाचली. थ्री-वेवर असा प्रकार झाला तरी एकाच दिशेने होतो.

त्यामुळे पैसे कमी असतील तर माझं मत सरळ आहे: स्वस्त बॉल हेडपेक्षा स्वस्त थ्री-वे बरं. स्वस्त थ्री-वे फार तर जड आणि ओबडधोबड असतं. स्वस्त बॉल हेड धरलेली फ्रेम सोडतं. बॉल हेड घ्यायचं तर जरा थांबून, पैसे साठवून बरं घ्या.

उभ्या फ्रेमचं म्हणाल तर बॉल हेडच्या वाटीला एका बाजूला खाच असते, गोळ्याचा दांडा तिच्यात आडवा होतो आणि कॅमेरा ट्रायपॉडच्या बाजूला लटकतो. वजन मधोमध राहत नाही. एल आकाराची प्लेट घेतली की हा प्रश्न मिटतो. कॅमेरा काढून उभा बसवायचा. क्लॅम्प शक्यतो आर्का-स्विस (प्लेट-क्लॅम्पचं सर्रास चालणारं माप) पद्धतीचा घ्या, म्हणजे प्लेट एका हेडवरून दुसऱ्यावर जाते.

पॅनोरमासाठी बॉल हेड चालत नाही, हे मात्र अर्धसत्य. गोल फिरवायचा सांधा साधारणपणे दोन्ही हेडना तळाशीच असतो, त्यामुळे पाय समपातळीत नसतील तर दोन्हीकडे क्षितिज वाकडं होत जातं. व्हिडिओत सावकाश कॅमेरा फिरवायचा असेल तर यातलं कुठलंच नको, फ्लुइड हेड घ्या, ते झटके न देता संथ फिरतं. कवडीपाटला काठावरून उडते पक्षी टिपायचे तर गिंबल हेड, म्हणजे जड लेन्स तोलून धरणारं, हलक्या हाताने फिरणारं. भिगवणला होडीत बसणार असाल तर ट्रायपॉड गाडीतच ठेवा.

एक सांगायचं राहिलं: गोळ्याला तेल लावू नका. टेकडीवरची धूळ बसून गोळा खरखरायला लागला की शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आठवते, पण गोळा घर्षणावरच चालतो. कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसा, बस.

अगं, आणि दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स घेऊन जा. हेडवर चढव, दारातून समोरच्या पाटीवर रोख, "आमची कोठेही शाखा नाही" असेल तर उत्तमच. पडद्यावर चित्र जास्तीत जास्त मोठं करून "शाखा"मधला "श" बरोबर मध्यावर आण. आवळ, हात काढ. "श" खाली सरकला तर हेड काउंटरवर परत ठेव आणि दुसरं मागव.