सुरमई नको, मांदेली द्या: माहीमच्या कोळीवाड्यातील शनिवार-रविवारचे जेवण

माहीमच्या रेतीबंदरावर मुंबई महानगरपालिकेच्या पुढाकाराने २०२३ साली सुरू झालेल्या ‘सी फूड प्लाझा’त मी आतापर्यंत चार वेळा जेवलो आहे. पहिल्या वेळी मी सुरमई मागवली होती. पुढच्या तीन वेळा मागवली नाही, आणि या परीक्षणात मला जे सांगायचे आहे ते बहुतेक या फरकाविषयीच आहे.

येथे स्वयंपाक करतात त्या माहीम कोळीवाड्यातील बचतगटांच्या महिला. खुर्च्या-टेबले उघड्यावर, समोर माहीमचा उपसागर आणि त्यापलीकडे वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या दिव्यांची रांग. ओहोटीच्या वेळी वारा उलटा फिरला, तर मिठी नदी येथून फार दूर नाही हे नाकाला कळते. पण तव्यावर लसूण पडली की ती तक्रार मागे पडते. उपाहारगृहाची शोभा, मंद दिवे, मऊ गाद्या यांची अपेक्षा ठेवून येणाऱ्याने येथे येऊच नये. ज्याला घरच्या चुलीवरचे कोळी जेवण पाहिजे आणि कोळीवाड्यात कोणाशी ओळख नाही, त्याच्यासाठी ही जागा आहे.

दुसऱ्या खेपेला माझ्याबरोबर सोलापूरहून बदली होऊन आलेला एक तरुण सहकारी होता. त्याने सवयीप्रमाणे विचारले, “मावशी, सुरमई आहे का? काटे नसलेला मासा द्या.” मावशींनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “सुरमई हाय रे, पन आज मांदेली घे. सकालची हाय.” कोळणीच्या तोंडचे हे एकेरी संबोधन ऐकून नवखा माणूस बिचकतो. दादर-माहीमच्या मासळीबाजारात ज्यांचे निम्मे आयुष्य गेले आहे त्यांना ठाऊक असते की ती एकेरीत बोलू लागली म्हणजे गिऱ्हाईक म्हणून तुमची नोंद झाली; ‘अहो’ म्हणाली तर भाव चढा लागणार असे खुशाल समजावे.

मांदेली हा बोटाएवढा, पोटाशी सोनेरी झाक असलेला मासा. मावशींनी ती आधीच साफ करून, हळद, मीठ, ठेचलेली लसूण आणि घरचा कोळी मसाला लावून ठेवलेली होती. तांदळाच्या पिठात ती नुसती लोळवली, जास्तीचे पीठ दोन बोटांनी झटकले, आणि तव्यावर एकेक करून शेपट्या आत व डोकी बाहेर अशी गोलाकार मांडली. मी याचे कारण विचारले, तेव्हा कळले की शेपटी पातळ असते, आणि मधोमध तेल साचत असल्याने ती तेथे जळण्याऐवजी तळली जाते. सात-आठ मिनिटांत मासळीचा काटा इतका कुरकुरीत झाला की सहकाऱ्याने काटे काढण्यासाठी उचललेला पहिला मासा थोड्या संकोचाने अख्खाच तोंडात टाकला. त्यानंतर तो बराच वेळ काहीही बोलला नाही, आणि मला माझ्या वाटणीच्या मांदेलीवर लक्ष ठेवावे लागले.

सुरमईला मी नावे ठेवत नाही. सुरमईची तुकडी खाणाऱ्याला सोपी आणि विकणाऱ्यालाही सोपी असते. एकसारखे काप पडतात, बर्फात मासा टिकतो, मधला एक काटा काढला की काम संपले. नेमकी म्हणूनच ती मुंबईतल्या प्रत्येक मत्स्याहारी फलकावर बाराही महिने आढळते आणि म्हणूनच तिच्यावरून स्वयंपाक करणाऱ्याची परीक्षा होत नाही. पापलेटची गोष्ट याहून अवघड आहे. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, कारण त्याची आवक घटत चालली आहे. तरीही तळहातावर मावतील अशी पिल्ले ‘पापलेट फ्राय’ म्हणून सर्रास विकली जातात, आणि गिऱ्हाईकही ती आनंदाने मागवतात.

बोंबील आणि मांदेली यांना अशी लपवाछपवी जमत नाही. बोंबलाच्या अंगात पाणीच फार, त्यामुळे तो शिळा झाला की लगेच लिबलिबीत होतो आणि तव्यावर त्याचा लगदा होतो. ताजा बोंबील मात्र उभा चिरून, मधला काटा काढून, दोन पाटांमध्ये कापडात दाबून वर वजन ठेवले की अर्ध्या तासात पाणी सोडतो आणि चपटा होतो. मग तळल्यावर बाहेरून कुरकुरीत आणि आतून सायीसारखा लागतो. येथे मी खाल्लेला बोंबील असाच होता. उपाहारगृहांतल्यासारखा त्याला रव्याचा जाड अंगरखा नव्हता, नुसते तांदळाचे पीठ होते. रवा लावला की आवाज छान येतो, पण माशाची चव दोन घासांनंतर कळते, असे माझे मत आहे. दादरमध्ये बालपण गेलेल्या माझ्या अनेक मित्रांना ते मान्य नाही.

बोंबील, मांदेली आणि जवळा (अगदी बारीक कोळंबी) ही मासळी मुख्यतः डोलीच्या जाळ्यात मिळते. हे जाळे पिशवीसारखे असते. ते समुद्रात खांबांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी त्यात आपोआप शिरते. प्रवाहाला जोर नसेल तर जाळ्यात फारसे काही येत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाण्याला ओढ असते; अष्टमीच्या सुमाराच्या भांगात, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत, ती मंदावते. तेव्हा ज्या वाचकाला येथे लहान मासळी खायची आहे, त्याने शनिवार-रविवार निवडताना चंद्राची कला पाहावी. ऐकायला हे ज्योतिष वाटेल, पण माझ्या चार खेपांपैकी अमावस्येच्या दोन दिवस मागे-पुढे पडलेली खेप निर्विवाद सर्वांत चांगली होती.

तळलेल्या मासळीनंतर कालवण मागवावे. मालवणी पद्धतीच्या आमटीची सवय असलेल्यांना ते पहिल्यांदा पातळ आणि उग्र वाटेल, कारण त्यात नारळाचे वाटण जवळजवळ नसते. तिखटपणा मसाल्याचा, आंबटपणा चिंचेचा आणि बाकी सगळा कारभार ठेचलेल्या लसणीचा. मी घेतले ते चिंबोरीचे, म्हणजे खेकड्याचे होते. नांग्या आधीच फोडून दिल्या होत्या, तरीही हात कोपरापर्यंत भरतात, म्हणून पांढरा सदरा घालून जाऊ नये. सोबत तांदळाची भाकरी हवीच. भात घेतला तर कालवणाचा जोर निम्म्यावर येतो. दोघांनी मांदेली, बोंबील, एक कालवण आणि चार भाकऱ्या एवढेच मागवले तर पोट भरते.

तुलनेसाठी एका हिवाळ्यात मी उपनगरातल्या एका मैदानावर भरलेल्या दोन दिवसांच्या खाद्यमहोत्सवालाही गेलो होतो. जाहिरातीत ‘अस्सल कोळी जेवण’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. दाराशी प्रवेशशुल्क, आत गेल्यावर पाचशे रुपयांची कुपने घेण्याची सक्ती, आणि उरलेल्या कुपनांचे पैसे परत मिळणार नाहीत अशी बारीक अक्षरांतली सूचना. माझा क्रमांक चौसष्ट होता; तास उलटत आला तेव्हा सदुसष्ट पुकारला गेला आणि विचारणा केल्यावर चौसष्ट “होऊन गेला” असे सांगण्यात आले. अखेर हाती आलेली सुरमई लाल रंगाच्या तंदुरी मसाल्यात बुडवलेली होती, कालवणात नारळाचे दूध होते, आणि कर्ण्यांतून कोळीगीतांचे असे काही ठेके वाजत होते की शेजारच्या माणसाला मीठ मागायचे तरी खुणेने मागावे लागे. हात धुण्यासाठी पाणी कोठेही नव्हते. माशाच्या जेवणात ही एक उणीव बाकी सर्व उणिवांना पुरून उरते.

खानावळींची बाब वेगळी आहे. दादरचे ‘सिंधुदुर्ग’ किंवा वांद्रे पूर्वेचे ‘हायवे गोमांतक’ येथे जो जातो तो मालवणी-गोव्याकडच्या चवीसाठी जातो, आणि ती चव त्या ठिकाणी मिळते. कोळी जेवणाशी त्यांची स्पर्धा लावणे म्हणजे आमटी आणि कढी यांत डावे-उजवे करणे. एवढेच नमूद करतो की गटारीच्या आधीच्या रविवारी अशा खानावळींपुढे ताटकळणाऱ्यांनी दिनदर्शिका पाहावी. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्रात मासेमारीची बंदी असते. श्रावणापूर्वीचा तो ‘शेवटचा मासा’ बहुतेक वेळा बर्फातला किंवा दूरच्या किनाऱ्यावरून आलेला असतो. उत्सव म्हणून तो खावा, ताजेपणासाठी नव्हे.

माशाबरोबर बिअरचा घोट ज्यांना आवश्यक वाटतो त्यांनी ती हौस वेगळ्या जागी भागवावी, कोळीवाड्यातल्या जेवणात तिची गरज भासत नाही. माहीम-दादर परिसरात परमिट रूम पुष्कळ आहेत. हे नाव १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची देणगी आहे. मद्य पिण्यासाठी परवाना लागतो ही तरतूद आजही कागदावर आहे, आणि राज्यात बिअरसाठी २१ तर कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. अशाच एका परमिट रूमच्या तळमजल्यावर, वातानुकूलित माडीपेक्षा स्वस्त दराने, मी चकण्याच्या उकडलेल्या चण्यांबरोबर बोंबील मागवले. बोंबील मऊ पडले होते, चणे मात्र उत्तम होते.

माहीमला जायचे असेल तर माहीम स्थानकाच्या पश्चिमेला उतरून रिक्षाची वाट न पाहता टॅक्सी करावी, कारण शहराच्या या भागात रिक्षा येत नाहीत. उपनगरांतून येणारे पाहुणे हे हमखास विसरतात. सूर्यास्ताच्या थोडे आधी पोहोचले तर टेबल निवडता येते आणि तव्यापाशी उभे राहून आज काय आले आहे हे निवांतपणे विचारता येते. फलक वाचू नये, विचारावे. लिंबू जास्तीचे मागून घ्यावे.

माझा सोलापूरचा सहकारी आता मला न विचारताच तिकडे जातो. मागच्या आठवड्यात कार्यालयात त्याने भिंतीवरचे कालनिर्णय खाली उतरवले आणि बोटाने अमावस्या शोधू लागला, तेव्हा आमच्या लेखा विभागातील बाईंनी काळजीने विचारले, “काही करणी-बिरणीचा प्रकार आहे का?” तो म्हणाला, “नाही मॅडम, मांदेली.”